निळ्या दाराची किल्ली

५ जानेवारी, सोमवार

सुनेच्या जुडग्यात एक नवी किल्ली आली आहे.

घरात शिरली की ती जुडगा चपलांच्या कपाटावर टाकते. आमच्या दाराची किल्ली, स्कूटरची, ती ज्या कानाच्या दवाखान्यात काम करते तिथल्या कपाटाची. आणि आता ही चौथी. पितळी आहे, दातांच्या कडा अजून बोटाला बोचतात, म्हणजे नुकतीच बनवलेली. कपाटाची नाही, टेबलाच्या खणाचीही नाही. बाहेरच्या दाराच्या लॅचची आहे. आमचं बाहेरचं दार तर एकच आहे.

ह्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं आणि गल्ल्यावर मी बसायचे. त्यामुळे माणसाच्या तोंडाआधी माझं लक्ष त्याच्या जुडग्याकडे जातं. हे म्हणायचे, "दुसऱ्याच्या किल्लीकडे कामापुरतं बघायचं आणि विसरायचं." हे गेले त्याला दोन वर्षं होत आली. विसरायला सांगणारं घरात आता कोणी नाही.

८ जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे जेवणाची वेळ अशी काही उरलेली नाही. सून येते, आपलं ताट वाढून घेते आणि खोलीत नेते. मुलगा घरूनच काम करतो. कानाला ते यंत्र लावून दिवसभर कुठल्या कुठल्या माणसांशी मोठमोठ्यानं बोलत असतो, मधेच ओट्यापाशी उभ्यानं खातो. मी माझ्या भुकेनं जेवते. फ्रिजमध्ये तिघांचे तीन कप्पे आहेत. भांडण कोणाचंच नाही. भांडण असतं तर निदान मिटवता आलं असतं.

माझ्या खोलीत मात्र सगळ्यांचा राबता असतो. इस्त्रीचं टेबल इथं, मुलाचा प्रिंटर इथं, जादा पांघरुणं इथं. आमच्या घरात आतल्या दारांना कडी नाही. जगाला कुलपं विकणाऱ्या ह्या माणसानं घरात एक साधी कडी लावू दिली नाही. "आतल्या दाराला कडी म्हणजे घरात चोर आहे असं म्हणणं," असं ह्यांचं मत. लग्नानंतर मुलानं आपल्या खोलीला बसवली, तेव्हा हे दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नव्हते.

आज दुपारी मी वाचत पडले होते. मान वर केली तर मुलगा टेप घेऊन माझ्या दाराची चौकट मोजत होता.

"काय रे?"

"काही नाही गं. बघत होतो."

"इतकी वर्षं हे दार कधी बघितलं नव्हतंस?"

"आई, तू वाच ना."

चौकट कधी मोजतात? काहीतरी मोठं बाहेर काढायचं असेल तेव्हा. कपाट, नाहीतर पलंग.

११ जानेवारी, रविवार

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स एकटीच राहते. सगळी इमारत तिला नर्सबाई म्हणते. तिच्याकडे चहाला गेले होते. किल्लीचं आणि चौकटीचं सांगितलं. सांगायला नको होतं.

"मी सांगते कसं असतं ते," ती म्हणाली. "आधी गुपचूप एक खोली बघतात. मग ती नीट लावून घेतात. मग एक दिवस तुम्हाला समोर बसवून म्हणतात, तुम्हाला जरा शांतता मिळेल. शांतता हा शब्द आला की समजायचं, सामान बांधून झालंय."

"माझा मुलगा तसा नाही."

"कोणाचाच नसतो," असं म्हणून तिनं माझ्याच बशीतलं बिस्किट उचललं.

वर येत होते तर जिन्याच्या वळणावर सून फोनवर बोलत होती. तिचा आवाज मुळात हळू. दिवसभर बंद खोलीत लोकांचे कान तपासायचे, अगदी बारीक आवाज सोडून 'ऐकू आला का' विचारायचं, त्यातून तसा झाला असेल. तरी माझ्या कानावर पडलंच. "पोस्टाच्या मागे. लाँड्रीच्या वर, निळं दार. नाही, एकच माणूस राहणार. शांततेसाठी तर घेतलीये."

मला बघितलं आणि फोन ठेवला.

"आई, जिन्यानं कशाला आलात? लिफ्ट चालू आहे की."

माझ्या गुडघ्यांची काळजी आहे तर.

१३ जानेवारी, मंगळवार

जे केलं ते लिहून ठेवते.

सकाळी सून अंघोळीला गेली होती. मुलगा आतून कोणाला तरी "तुमचा मुद्दा कळला, पण माझा मुद्दा असा" असं सांगत होता. मी जुडग्यातली ती किल्ली काढली आणि मागच्या गॅलरीत गेले. तिथं ह्यांचं किल्ल्या कापायचं मशीन आहे. दुकान विकलं तेव्हा मी एवढंच घरी आणलं. तेल घालते, पुसते, वर जुनं पांघरूण घालते. चालवलं नव्हतं. एका बाजूला ती किल्ली लावली, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि बटण दाबलं. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला. पितळेचा चुरा उडाला, तापलेल्या धातूचा वास आला, आणि हे इथंच कुठंतरी पाठमोरे उभे आहेत असं वाटलं. 

सून डोक्याला टॉवेल बांधून बाहेर आली. "कसला आवाज आला?"

"सुरीला धार लावली."

"छान. भाजी माझ्या हातानं चिरली जात नव्हती, चेचली जात होती."

तोवर किल्ली परत जागेवर गेली होती. नंतर बसून सुरीला खरंच धार लावली.

सरळ विचारता आलं असतं, हे मला कळतं. पण विचारलं की उत्तर मिळतं, आणि एकदा मिळालेलं उत्तर परत करता येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

लायब्ररीत जाते असं सांगून निघाले. पोस्टाच्या मागे लाँड्री, लाँड्रीच्या बाजूनं अरुंद जिना, वर निळं दार. किल्ली पहिल्या फटक्यात फिरली. ह्यांनी शाबासकी दिली असती, मग दुसऱ्या श्वासात रागावले असते.

एकच खोली. नीट लिहिते, पुढे कोणी म्हणेल म्हातारीच्या मनाचे खेळ.

भिंतीला लागून एकाच माणसाची गादी. एक खुर्ची. एक मग, एक ताटली, एक चमचा. मागाहून कोणी भेटायला येईल हा विचारसुद्धा केलेला नाही. चहासाखर वरच्या फळीवर, जिथं माझा हात पोचत नाही. सुनेचा पोचतो, ती उंच. पण राहायचं कोणाला आहे? दाराशी नव्या सपाता ठेवल्यात, माझ्या पायाला दोन बोटं मोठ्या. माप विचारण्याचे कष्टही घेतले नाहीत. घड्याळ नाही. म्हातारीला वेळ कळून काय करायचंय.

आणि दार. दाराला आतून जाड, गादीसारखं कापड ठोकलंय. मी दार लावून घेतलं तर खालचा रस्ता, लाँड्रीतली मशिनं, सगळं एकदम बंद झालं. म्हणजे आतला आवाजही बाहेर जाणार नाही. मी हाक मारली तरी.

त्या एकुलत्या खुर्चीवर बसले. उठले तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवरून जमिनीवर आली होती.

२१ जानेवारी, बुधवार

मुलाला चाचपून बघितलं. "अरे, मी इथं अडचण तर होत नाही ना?"

तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "काय गं आई, असं का विचारतेस?"

'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. मग मान वर करून म्हणाला, "तुला कधी वाटतं का गं, आपली आपली एक जागा असावी?"

आलंच ते. मी म्हटलं, "मला कधीच वाटलं नाही. मी आणि तुझे वडील एका खोलीत राहिलो, तुझ्यासकट." त्याचा चेहरा उतरला होता. मन खात असणार.

संध्याकाळी मी माझी ट्रंक काढली. साड्या घड्या करून ठेवल्या, वर पुस्तकं. पुस्तकं मागे ठेवायची नाहीत. कुलपांच्या खोक्यांवरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले, मग गिऱ्हाइकं नसताना गल्ल्यावर बसून. ती कमाई माझी आहे, तिच्यासाठी ताटलीसारखा एकाचा हिशोब चालणार नाही.

२८ जानेवारी, बुधवार

पुन्हा जाऊन आले. मधेही गेले होते, ते लिहिलं नाही. शत्रूची जागा नीट पाहून ठेवावी असं लायब्ररीतल्या गुप्तहेरांच्या पुस्तकांत असतं.

काही बदललं नव्हतं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते, तिथं उजेड पुरत नाही. मी ती खिडकीशी ओढली आणि पिशवीतलं जाडं पुस्तक काढलं, घरी कित्येक दिवस तीन पानांच्या पुढे जात नव्हतं ते. घरी पान उलटावं तर कोणी प्रिंटरचे कागद घ्यायला येतं, कोणी इस्त्री करायला, कोणी "आई, हे बघ ना" म्हणून मोबाइल पुढे करतं. इथं कोणी आलं नाही. ह्यांची आठवण आली आणि मी रडले, अगदी आवाज काढून. घरी तसं रडता येत नाही, लगेच दोघंही पाणी घेऊन येतात. नंतर चांगली साठ-सत्तर पानं झाली.

निघताना साखरेचा आणि चहाचा डबा खुर्चीवर चढून खालच्या फळीवर ठेवले. शेवटी यायचंच असेल तर हाताशी असलेलं बरं.

हे मी काय लिहिलं? मला इथं यायचं नाहीये.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं बाहेर आलं, पण भलत्याच बाजूनं.

सून कामावरून आली ती चपला न काढता थेट मुलापुढे. मी स्वयंपाकघरात, मधे फक्त पडदा.

"तू तिथं गेला होतास."

"कुठं?"

"माझ्या खोलीवर. खुर्ची खिडकीशी होती. डबे खाली आले होते."

"मी कसा जाईन? किल्ली तुझ्याकडेच आहे ना? तशी अटच होती."

"म्हणूनच विचारतेय. बनवून घेतलीस?"

"माझे वडील किल्लीवाले होते, मी नाही."

"मग भूत आलं का? मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? दिवसभर लोकांचे कान, घरी आलं की तुझे फोन. या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस, एक खोली, जिथं कोणी मला काही ऐकवणार नाही. तू हो म्हणालास. आणि मागून पाळत ठेवलीस."

"मी एकदाही आलो नाही. यावंसं वाटलं तरी आलो नाही." त्याचा आवाज लहानपणी खोटा ठरवल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"मला विश्वास ठेवता येत नाहीये," ती म्हणाली. कपडे भरले आणि गेली. तीन दिवसांसाठी नाही, ते तिच्या बॅगेवरून दिसत होतं.

तर ती खोली माझ्यासाठी नव्हतीच. गादी तिची, सपाता तिच्या, वरची फळी तिच्या उंचीची. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या खाली कुठंतरी, हातातलं काही काढून घेतल्यासारखंही झालं. ते कशाला, कळत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सून आलेली नाही. फोन उचलत नाही. मुलगा आज कोणाशीच मोठ्यानं बोलला नाही. घर इतकं शांत आहे की फ्रिज ऐकू येतो. तिचा कप्पा तसाच भरलेला.

मी दोनदा त्याच्यापाशी गेले, दोनदा परत आले.

"आई, काही हवंय?"

"तू जेवलास का विचारत होते."

माझा मुलगा माझ्या चोरीपायी चोर ठरला आहे आणि मी त्याला जेवलास का विचारते आहे. नर्सबाई जिन्यात भेटली. "सून माहेरी?" म्हणाली. मी म्हटलं, "दवाखान्यात काम वाढलंय." हल्ली खोटं किती चटकन येतं मला.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मुलाला सांगितलं. ऐकून त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "तिला तू सांग. माझं ती ऐकणार नाही." एवढंच. ओरडला असता तर बरं होतं.

चौकातल्या किल्लीवाल्याकडे गेले. तो ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्याकडून एक नवं लॅच घेतलं, पाकीट बंद. ह्यांची अवजारांची पिशवी खांद्याला लावली आणि निळ्या दारापुढे उभी राहिले. किल्ली कमरेला होती. मी दार वाजवलं. त्या दारावर पहिल्यांदाच.

तिनं दार उघडलं. डोळे सुजलेले. "आई? तुम्हाला हा पत्ता कोणी दिला?"

मी किल्ली तिच्यापुढे धरली. तिला पटकन उलगडा होईना. मग झाला.

"सुरीला धार," ती म्हणाली.

"हो."

"कितीदा आलात?"

"मोजलं नाही."

"पण का?"

मग सांगितलं. नर्सबाईचं, चौकटीचं, एका चमच्याचं, कापड ठोकलेल्या दाराचं. मी हाक मारली तर कोणाला ऐकू जाणार नाही, हेही. ती ऐकत गेली आणि मधेच हसायला लागली. हसू थांबेना, मग त्याचं रडणं झालं, की उलटं, मला सांगता येणार नाही.

"तुम्हाला वाटलं, आम्ही तुम्हाला इथं आणून टाकणार?"

"सपातासुद्धा मोठ्या आणल्या म्हणून राग आला होता."

"आई, हसवू नका. मला खूप राग आलाय तुमचा."

"येऊ दे. पण त्याच्यावर काढू नकोस. त्याला काही माहीत नव्हतं."

"आणि इथं येऊन करत काय होतात?"

"वाचत होते. बसत होते."

तिनं खिडकीशी असलेल्या खुर्चीकडे बघितलं. ती तिनं परत भिंतीकडे फिरवली नव्हती. "तुमच्या खोलीत तुम्हाला कोणी बसू देत नाही, नाही का," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला सगळे आलेले आवडतात."

ह्यांच्या दुकानात एक रीत होती. चुकीची किंवा नको असलेली किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मोडायची, खिशात टाकायची नाही. मी पक्कड काढली आणि माझी किल्ली तिच्यापुढे मोडली. पितळ पहिल्यांदा वाकतं, मग तुटतं. मग जुनं लॅच उतरवून नवं बसवलं. पाकीट तिनंच फाडलं. नव्या कुलपात पहिली किल्ली गिऱ्हाइकानंच फिरवायची, तीही रीत. पण ती अडकायला लागली.

"तुम्हीच बघा ना," ती म्हणाली.

मी नजर छताकडे ठेवली आणि किल्ली हातात घेतली. दोनदा मागेपुढे केली, थोडं तेल सोडलं, सुटली. सगळ्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

"बघितली नाही मी," मी म्हटलं.

"दिसलं मला," ती म्हणाली.

८ फेब्रुवारी, रविवार

सून दुपारी घरी आली. मुलगा आणि ती खोलीत पुष्कळ वेळ बोलत होते. मी मुद्दाम रेडिओ लावला, ऐकू येऊ नये म्हणून. नंतर तिनंच सांगितलं, तीन दिवस तिथं आणि चार दिवस इथं, ठरलं होतं तसंच. आणि फोनवर मुलानं हळू बोलायचं. तो म्हणाला, "मी हळूच बोलतो." आम्ही दोघी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

नर्सबाई विचारत होती. "काडीमोड का?"

"नाही."

"मग खोली कशाला?"

"बसायला."

"बसायला वेगळी खोली?" तिनं हनुवटीला हात लावला. रोज एकट्या घरात बसणाऱ्या बाईला ते नवल वाटावं, याचं मला नवल वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल गॅलरीत मशीन पुसत होते. एक कोरी किल्ली हातात आली आणि अंगठा आपोआप तिच्या कडेवरून फिरला. पहिली खाच उथळ, मग खोल, परत खोल, मग मधली, मग उथळ. मी छताकडे बघत होते त्या दिवशी, ते खरं आहे. पण अंगठ्याला डोळे बंद ठेवता येत नाहीत. ती किल्ली मला पाठ झालेली आहे. आज बटण दाबलं तर उद्या ते दार उघडेल.

करणार नाही हे मला माहीत आहे. पण तेरा जानेवारीच्या आदल्या दिवशीही मला ते माहीत होतं.

चौकातल्या किल्लीवाल्याला बोलावलं. तो आणि त्याचा भाऊ मशीन उचलायला आले.

"काकू, दोन वर्षं मागत होतो, तुम्ही हात लावू देत नव्हता. आता काय झालं?"

"जागा अडते."

"सांभाळून वापरीन. उस्तादांची आठवण आहे."

"आठवण मला आहे. तू किल्ल्या काप."

ते जिन्यातून खाली गेलं तोवर मी कठड्याला धरून उभी होते. गॅलरीत फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग आहेत. घासले, जात नाहीत. जाऊ नयेत म्हणून मग घासणं थांबवलं. खुर्ची आणून त्या चार डागांच्या मधोमध ठेवली. उजेड चांगला येतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

ट्रंक सोडली. साड्या कपाटात गेल्या, पुस्तकं उशाशी.

सकाळी सून आणि मुलगा दोघं मिळून प्रिंटर माझ्या खोलीतून उचलत होते. मागोमाग इस्त्रीचं टेबल. मी दारात उभी.

"हे कुठं चाललंय?"

"आमच्या खोलीत," सून म्हणाली.

"का? माझी काय तक्रार होती?"

"नव्हती, म्हणूनच," ती म्हणाली.

माझं सामान हलवायला नको म्हणून स्वतःचं हलवतात, का माझी खोली आधी मोकळी करून घेतात? उत्तर दोन्हीकडून बसतं. मी लक्ष ठेवून आहे.

थोड्या वेळानं मुलगा आला. एका हातात तो टेप, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"आई, तुझ्या दाराला कडी बसवू का? जानेवारीतच माप घेतलं होतं. ही म्हणत होती, तुझ्याच खोलीला नाही. मग बाबांचं आठवलं आणि धीर झाला नाही."

म्हणजे त्या दिवशी कपाट नव्हतं, पलंग नव्हता. एवढंसं होतं. मी ह्यांच्या फोटोकडे बघितलं. दोन दिवस बोलणार नाहीत, दुसरं काय. तसेही बोलत नाहीत.

"बसव," मी म्हटलं. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन चौकटीपाशी वाकला, आणि कडी कोणत्या बाजूला टेकवतो ते बघत मी मागे उभी राहिले.

"आतून, रे," मी म्हटलं. "आतून बसव."